सायाळीचं जोडपं

“काटा उपटलेला नको हो, पडलेला घ्यायचा. आणि घेताना बिळाला हात जोडायचे. आत जोडपं राहतं.”

माझ्या सासूबाईंचं हे सांगणं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो खालच्या पट्टीतला, कसलीच घाई नसलेला आवाज अजून कानात आहे. आमच्याकडे भिक्षुकी पिढीजात. पहिलटकरणीचं सीमंत आमच्या घरात अजून रीतसर होतं. उंबराच्या कोवळ्या फळांचा घोस, दर्भ आणि सायाळीचा काटा असं एकत्र धरून नवरा बायकोच्या मागे उभा राहतो आणि कपाळापासून मागे तिचा भांग पाडतो. सायाळ म्हणजे साळिंदर. काटा तीन ठिकाणी पांढरा असावा लागतो. माझा भांग ज्या काट्यानं पाडला, तोच गेल्या मार्गशीर्षात माझ्या सुनेच्या, प्रणालीच्या केसांतून फिरला. सहावा महिना होता तिला.

पुढच्याच आठवड्यात बाळ गेलं.

प्रणाली शेतकऱ्याघरची. मूर्तिजापूरपासून थोडं आत तिच्या वडिलांचं, रामरावांचं शेत आहे. ती अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचा पुष्कर अमरावतीला वकिली करतो. दोघांनी आपल्या पसंतीनं जमवलं, आणि दोन्ही घरांनी आधी थोडं तोंड वाकडं करून मग हौसेनं लग्न लावून दिलं. बाळ गेल्यावर ती विश्रांतीला म्हणून माहेरी गेली, ती परत आली नाही. पुष्कर दर रविवारी जायचा. समोरच्या खोलीत चहा व्हायचा, सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी व्हायच्या, आणि हा परत यायचा.

दसरा झाला आणि एक दिवस तो माझ्यापाशी स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, “आई, दिवाळीपर्यंत थांबतो. नाही आली तर आम्ही दोघं मिळून वेगळं व्हायचा अर्ज देणार आहोत. तिचंही तेच म्हणणं आहे. भांडण नाही आमचं.”

“भांडण नाही, तर मग अर्ज कशाला रे?”

“भांडण असतं तर बरं झालं असतं,” एवढंच बोलून तो उठला.

मी ह्यांना विचारलं, जाऊ का म्हणून. हे पोथी बांधत होते. “जा,” म्हणाले. “तुझ्या शब्दाला ती नाही म्हणणार नाही. दिवाळीच्या आत लक्ष्मी घरात हवी.” अंबादेवीची ओटी भरली, दुसरी ओटी पिशवीत घेतली, आणि बडनेऱ्याहून गाडीत बसले. काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत गेले. सुनेला घेऊनच परतायचं असं ठरवलं होतं.

इथं माझ्या एका नेमाचं सांगावं लागेल. चातुर्मासात मी देवापुढे दिवा लावला की जेवायला बसेपर्यंत बोलत नाही. फार कडक काही नाही, तेवढाच वेळ. पण कुठंही असले तरी तो नेम पाळते.

रामरावांच्या शेतातल्या घरी पोचले तेव्हा प्रणालीची आई, जमुनाबाई, अंगणात रताळी निवडत होत्या. निम्मी रताळी कुरतडलेली होती. मला पाहून उठल्या, पाय धुवायला पाणी दिलं, गूळ-पाणी दिलं. त्यांच्या बोलण्यात आडपडदा कधीच नसतो. पाणी पिऊन मी भांडं खाली ठेवते न ठेवते तोच म्हणाल्या, “इहीनबाई, राग नका येऊ देऊ. पन मी आज बोलनार हाय.”

“बोला ना.”

“आमी सायाळीचा काटा दुश्मनाच्या घरात टाकतो. घरात भांडन लागावं म्हनून. आमच्या पोट्ट्याइले लहानपनापासून सांगतो, दिसला तरी शिवू नका. अन् तुमी तो माह्या लेकीच्या डोक्यात घातला! भर मांडवात!”

आमच्याकडे तो काटा देव्हाऱ्याखालच्या डब्यात, रेशमी कापडात असतो. मी म्हटलं, “आमच्यात तो शुभ मानतात, जमुनाबाई. माझ्याही डोक्यातून फिरला आहे तो.”

“तुमाले मानवला असन. माह्या पोरीले नाई मानवला.”

रामराव गोठ्यातून आले, खांद्यावरचा दुपट्टा झटकत. “अवं, गप ना. बाई अमरावतीहून आल्या, त्याइले घडीभर बसू तं दे. तुहं कोरट अंगनातच चालू झालं.”

“कोरटवाला जवाई कोनी पाह्यला? तुमीच ना!”

“मी नाई पाह्यला. तुह्या लेकीनं पाह्यला. मी फक्त हो म्हनलो.”

त्यांच्या या बोलण्यानं मला जरा हसू आलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. माझ्या मनात आलंच नव्हतं कधी, की एकच वस्तू एका घरात देवाशेजारी ठेवतात आणि दुसऱ्या घरात कुंपणाबाहेर फेकतात. आणि त्या दिवशी या दोन्हींच्या मधे ही मुलगी बसली होती, पाटावर, नवी साडी नेसून.

प्रणाली दुपारच्या गाडीनं अकोल्याहून आली. बारीक झाली होती. वाकून नमस्कार केला, माझ्या गुडघ्याचं विचारलं, बाबांच्या डोळ्याचं विचारलं. मी जुळवून आणलेलं सगळं बोलले. घर तुझं आहे, झालं ते झालं, अजून वय आहे, देव पुन्हा ओटी भरेल, पुष्करचं जेवणात लक्ष नाही. ती मान हलवत होती.

“हो आई. बघू.”

तिचा आवाज गोड होता. पण त्या ‘बघू’च्या आत जायला कुठून वाटच नव्हती. मी पिशवीतून ओटी काढली, तशी ती म्हणाली, “ती राहू द्या ना आत्ता.” मी परत ठेवली. जमुनाबाई चुलीपाशी भांडी जरा जोरातच ठेवत होत्या.

सूर्य कलला. मी त्यांच्या देवळीतल्या देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले, आणि माझं बोलणं थांबलं. प्रणालीला माझा नेम ठाऊक होता. तिनं आईला खूण केली.

“हे बरं हाय,” जमुनाबाई म्हणाल्या. “मी बोलीन अन् तुमी आयकान.”

रामरावांनी मात्र काठी उचलली. “चाला बाई. तुमच्या काट्यावाल्याचं घर दाखवतो. नाल्याच्या धुऱ्यावर हाय. उजेडातच निंगतात आजकाल, लय सोकावलेत. यायनंच जमुनाची रताळी खाल्ली. बंडूनं बिळात धुरी करू म्हनलं, मीच नाई करू देल्ली.” बंडू म्हणजे त्यांचा पुतण्या, शेजारच्या शेतातला.

“काहून नाई करू देल्ली, तेबी सांगा,” चुलीपासून आवाज आला. “जोडी मोडत नाई म्हने. रताळ्याची जोडी मोडली ते चालते!”

नाल्याच्या या काठाला तुरी होत्या, त्यांच्या आडोशाला आम्ही तिघं बसलो. समोरच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, बाभळीच्या मुळांखाली बिळाचं तोंड होतं. बाहेर माती पसरलेली, एक वाळकं हाड, आणि दोन-तीन काटे इकडंतिकडं पडलेले. आकाशात अजून तांबूस उजेड होता.

आधी नर बाहेर आला. म्हणजे रामराव कानाशी कुजबुजले म्हणून मला कळलं. कुत्र्याएवढा जीव, पण चालणं म्हाताऱ्यासारखं. नाक वर करून त्यानं वारा घेतला. मागून मादी आली. ती सरळ हाडापाशी गेली आणि दातांनी ते घासू लागली. नर हळूहळू तिच्या मागच्या बाजूनं जवळ सरकला.

तिचे काटे एकदम उभे राहिले. एवढासा जीव दुप्पट मोठा दिसायला लागला. शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ वाजले, तिनं मागचे पाय जमिनीवर आपटले. नर जागच्या जागी थांबला. मग दोन पावलं मागे गेला आणि बसला.

“पाह्यलं?” रामराव हळूच म्हणाले. “आता हा बसते. जबरदस्ती करून कुठी जाईन? मरन तो. ते काटे का खोटे हायेत?”

बराच वेळ काही झालं नाही. नरानं एक मूळ उकरलं, थोडं खाल्लं. मधेच बारीक कण्हल्यासारखा आवाज काढला. मग उठून लांबून वळसा घालून तिच्या समोर गेला, तिच्या तोंडाला नाक लावलं आणि पुन्हा बाजूला झाला. मागून मात्र गेला नाही.

“यंदा पिल्लू नाई याइले,” रामराव म्हणाले. “मागच्या साली होतं, ते पानी आलं तवा बिळात बुडालं. मले वाटलं आता एखादं निंगून जाईन. नाई गेलं. रोज संध्याकाळी हेच. पिल्लाचे दिवस असो का नसो.”

प्रणाली गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती.

तेवढ्यात मादी हाड सोडून उठली. नराकडे पाठ करून ती आपल्या पायांनी एकेक पाऊल मागे त्याच्याकडे येऊ लागली. रामरावांनी घसा खाकरला. “लाइन आली वाटते. मी मोटर चालू करून येतो,” म्हणत लेकीकडे न बघता ते उठून तुरीतून निघून गेले.

मलाही उठावंसं वाटलं. सुनेच्या शेजारी बसून हे काय बघायचं. पदर तोंडाशी घेतला, पण उठले नाही. मादीनं पाठीवरचे सगळे काटे आडवे पाडले. वाऱ्यानं गवत निजावं तसे ते अंगाला चिकटले. शेपूट वर घेतली. तेव्हा कुठं नर पुढे झाला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, आणि पुढचे पंजे त्यानं तिच्या पाठीवर नुसते टेकवले. अंगाचा भार दिला नाही. फार वेळ नाही लागला. मग दोघं सुटे झाले आणि एकमेकांचं तोंड हुंगत तिथंच बसले, जसं काही विशेष घडलं नाही.

सासूबाई हात जोडायला का सांगत होत्या, ते मला तेव्हा थोडंसं कळलं. मी हात जोडले.

आणि तेव्हा प्रणाली बोलली. माझ्याकडे न बघता.

“आई, आता तुम्हाला बोलता येत नाही, म्हणून सांगते. तुम्ही बोलायला लागलात की फार चांगलं बोलता. मग मला नाही म्हणता येत नाही.”

मी मान खाली घातली.

“काट्यानं बाळ नाही गेलं. आईला वाटतं, वाटू द्या. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, मला समजलंय ते. पण त्या दिवशी मी पाटावर बसले होते आणि मागून हात आला. हातात काय आहे ते मी पाहिलं. लहानपणी आजी म्हणायची, शिवू नको. मी दचकून आक्रसले. एवढी आक्रसले की उंबरं खाली पडली. आणि सगळे हसले. तुम्ही नाही हसलात, मला आठवतं. पण पुष्कर हसला. मागे उभा राहून. मला एकदा आधी दाखवलं असतं, हे असं असतं, याच्यानं भांग पाडायचा आहे, चालेल का... मी हो म्हटलं असतं आई. त्याच्यासाठी काहीपण हो म्हटलं असतं.”

मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. समोरचं जोडपं जरा दचकलं, पुन्हा स्थिर झालं.

“मग बाळ गेलं. तो दवाखान्यात माझ्याजवळ बसला आणि पहिलं वाक्य काय बोलला, माहीत आहे? ‘पुढच्या वेळी नीट होईल.’ पुढच्या वेळी! तेव्हापासून तो जवळ आला की मला वाटतं, हा पुढच्या वेळेसाठी आलाय. दर रविवारी येतो, तो न्यायला येतो. तुम्हीपण आज न्यायलाच आलात. नुसतं बसायला कोणी येतच नाही.”

माझ्याजवळ उत्तरं होती. पुष्करची बाजू होती, पुरुषांना बोलता येत नाही हे होतं, देवाची इच्छा होती. सगळं ओठांपर्यंत आलं. नेम मोडला असता तर कोणाला कळलंही नसतं. मी नेम मोडला नाही, आणि जसजशी गप्प बसले तसतशी ती उत्तरं एकेक करून निरुपयोगी होत गेली.

“मला अर्ज द्यायचा नाहीये,” ती अगदी हळू म्हणाली. “पण मला असं कोणी न्यायला आलं म्हणून जायचंपण नाहीये. त्यानं यावं. समोरून यावं. घरी चल म्हणू नये, बाळाचं काढू नये. इथं या धुऱ्यावर बसावं आणि जावं. रोज. मी मागे वळेन की नाही, मला माहीत नाही. वळले तर माझी मी वळेन.”

मग तिनं डोळे पुसले आणि एकदम हसली. “रोज मूर्तिजापूर म्हणजे त्याचे पक्षकार पळून जातील.”

अंधारायला लागलं होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून हात उचलला, आणि थांबले. हात तिच्या समोर धरला. तिनं क्षणभर त्याकडे पाहिलं, मग आपल्या हातात घेतला. तसंच आम्ही घराकडे आलो.

जमुनाबाईंनी ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या. ताटावर बसले, हात जोडले, आणि तोंड मोकळं झालं. जमुनाबाई वाटच बघत होत्या. “मंग? काय म्हनते सून? येते का तुमच्यासंग?”

“मी न्यायला आले होते,” मी म्हटलं. “आता नेत नाही.”

त्यांची भाकरी उलटायची तव्यावर तशीच राहिली. “आँ? म्हंजे सोडून देल्ली का माही पोर?”

“नाही हो. तसं नाही.”

“माय, भाकर जयून राह्यली तुही,” प्रणाली म्हणाली. “अन् काट्याचं सोड आता. काट्यानं काही नाई झालं.”

जमुनाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भाकरी उलटली. रामराव खाली बघून जेवत होते. मी प्रणालीला एवढंच म्हटलं, “जसं बोललीस तसंच सांगीन त्याला. माझं काही घालणार नाही.”

सकाळी परतले. संध्याकाळी पुष्कर कोर्टातून आला. त्याला समोर बसवून मी सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत, जेवढं आठवलं तेवढं. हेही दारात उभे राहून ऐकत होते.

“मी हसलो होतो?” पुष्कर म्हणाला.

मी मान हलवली.

“सगळेच हसले, आई. गंमत वाटली. उंबरं घरंगळली ना...” तो थांबला. टेबलावरचा चष्मा त्यानं उगाच पुसला. मग म्हणाला, “तिची मान थरथरत होती. मला मागून दिसत होती. मला वाटलं, थंडी आहे.”

हे आत आले. “रोज जाणार म्हणजे काय? लोक म्हणतील, बायको आणायला रोज जातो आणि रोज हात हलवत येतो.”

“आणायला नाही जायचं, बाबा.”

“मग कशाला?”

पुष्करनं चष्मा डोळ्यांवर चढवला. ह्यांनी पण ताणलं नाही. आपणहून म्हणाले, “पाडव्याला तरी...” आणि माझ्याकडे बघून वाक्य सोडून दिलं.

पुष्कर गच्चीवर गेला. मी वाळवणाची चादर काढायला गेले होते, तेव्हा त्याचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. फार नव्हतंच.

“मी... हो. सांगितलं आईनं. ... नाही. नाही, काही विचारणार नाही. ... उद्यापासून. ... हो, रोज. कबूल.” मग खूप वेळ तो नुसता ऐकत होता. पलीकडून काही बोलणं चाललं होतं की दोघंही गप्प होते, ते मला समजलं नाही. मी चादर तिथंच ठेवून खाली आले.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टातून लवकर आला. काळा कोट खुंटीला लावला. हातपाय धुतले, साधा सदरा घातला. मी डब्यात थोडे लाडू भरून ठेवले होते, ते पुढं केले. त्यानं डब्याकडे पाहिलं, मान हलवली.

“नको आई. नुसताच जातो.”

मी डबा परत फळीवर ठेवला. हे आतल्या खोलीत संथा म्हणत होते. पुष्करनं दार आवाज न करता ओढून घेतलं, गाडी सुरू न करता ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणि तिथून मूर्तिजापूरच्या वाटेला लागला.